टाकीचं मूळ गाव

लौतोका
४ मार्च

प्रिय ताव्हाले सेरेमाया,

सुव्यात पाऊस पडतच असेल, म्हणून त्याची चौकशी करत नाही. तुमच्याकडे छत्री उलटी धरली तरी वर्षभराचं पाणी जमतं. टाक्या विकून पोट भरायचं तर ते आमच्या कोरड्या लौतोकातच. पत्र नेहमीसारखं सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. सोबत तुझ्या वहिनीच्या, इंदरवतीच्या, हातच्या रोट्या आणि चिंचेची चटणी आहे. मागच्या खेपेला रोट्या कमी भरल्या म्हणून तू कुरकुर केलीस. एकदा त्या ड्रायव्हरचं पोट बघून घे.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू साहेब असतोस. आवाज असा लावतोस, जणू मी गोदीतून काहीतरी पळवलंय. कागदावर मात्र तू माझा ताव्हाले, थट्टेच्या नात्यातला भाऊ, असतोस. आपल्या दोघांच्या बापांनी साखर कारखान्याच्या एकाच भट्टीत चिपाडं लोटता लोटता हे नातं जोडलं. तेव्हापासून मी तुला काहीही बोलावं, तू मला काहीही बोलावं, आणि जो चिडेल त्यानं दुसऱ्याला कुटून प्यायच्या यंगोनाच्या मुळांची जुडी द्यावी, असा कायदा आहे. तुझ्या जकात कचेरीतल्या कुठल्याही कायद्यापेक्षा तो जास्त पाळला जातो.

आता कामाचं. शेजारी व्हानुआतूत, सांतो बेटावर, वादळानं शाळांची छपरं नेली आणि छपरांखालच्या पाण्याच्या टाक्याही नेल्या. तिथल्या व्यापाऱ्यानं माझ्याकडे साठ टाक्या मागितल्या आहेत. अट एकच. टाकी फिजीचीच पाहिजे. म्हणजे शेजारच्या बेटांशी आपला जो करार आहे त्याप्रमाणे तिकडे जकात लागत नाही. जकात लागली तर त्याला माझी टाकी महाग पडते, आणि तो कुठली तरी परदेशी टाकी उचलतो. तेव्हा टाकी फिजीची आहे असा मूळ-दाखला तुमच्या कचेरीनं द्यायचा आहे. दरवर्षी देताच. या वर्षी जरा लवकर द्या, एवढंच.

ही ऑर्डर मला का हवी आहे ते फक्त तुला सांगतो. सिडनीचा एक माणूस दोनदा येऊन गेला. फार गोड बोलतो. म्हणतो, भट्टी विझवा, पाच माणसं घरी पाठवा, मी तयार टाक्या बोटीनं पाठवतो, तुम्ही फक्त तुमच्या नावाचं स्टिकर चिकटवा. टाकीच्या प्लॅस्टिकच्या भुकटीचे भाव असे चढलेत की ही ऑर्डर गेली तर मला हो म्हणावं लागेल. सव्वीस वर्षं टाक्या बनवणाऱ्या जयकरणनं म्हातारपणी स्टिकर चिकटवायचं.

माझी टाकी आजवर परत आलेली नाही. एकही नाही. साच्यात भुकटी ओतून तो भट्टीत गरगर फिरवणं कुणालाही जमेल. बाहेर कधी काढायचा, तिथं खरी मेख आहे. ते घड्याळ सांगत नाही, हा डोळा सांगतो. इंदरवती रोज दुपारी माणसांचं जेवण घेऊन येते आणि गार झालेल्या टाक्यांत डोकं घालून बसते. तिची जुनी खोड आहे. आत गारवा वाटत असेल.

सही कर आणि पाठव.

तुझा,
जयकरण


सुवा
११ मार्च

प्रिय ताव्हाले,

रोट्या पोचल्या. ड्रायव्हरवर खोटा आळ घेतल्याबद्दल त्याची माफी माग. या वेळी त्यानं चटणीच फक्त खाल्ली.

दुसरी बातमी बसून वाच. तुझी टाकी आता फिजीची राहिलेली नाही.

नियम तुला माहीत आहे, पण पाठ करण्याचा तुला कंटाळा. टाकी बनवायला शंभर डॉलर लागत असतील, तर त्यातले निदान चाळीस या देशात खर्च झालेले असले पाहिजेत. मजुरी, वीज, भाडं, दुरुस्ती. तर ती आपली. गेल्या वर्षी तुझे चव्वेचाळीस भरले होते. यंदा तू पाठवलेल्या आकड्यांवरून भरतात सदतीस. अमेरिकेत थंडीनं कारखाने गोठले, जगभर प्लॅस्टिकचे भाव चढले, वर कंटेनरचं भाडं आभाळाला भिडलं. बाहेरून येणारं महाग झालं की आपला वाटा आपोआप बारीक होतो. तुझ्या टाकीत काही बदल झालेला नाही रे. साचा तोच, माणसं तीच, तुझा तो सुप्रसिद्ध डोळाही तोच. तिच्याभोवतीचं जग महागलं, आणि ती उभ्या उभ्या परदेशी झाली. घरी सांगू नकोस, बाकीच्या टाक्या घाबरतील.

आता माझं ऐक. तुझी फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हाच मी वरच्या बाईंना लिहून दिलं, की अर्जदार माझा ताव्हाले आहे. बाई म्हणाल्या, "मग तुम्ही त्याच्या बाजूनं झुकाल." मी म्हटलं, "उलट बाई, नुसत्या मजेखातर नामंजूर करीन." त्यांनी फाइल लिटियाकडे दिली. लिटिया कामाला पक्की आहे. विनोद तिला कळत नाही, आणि कळले तरी ती ते नोंदवत नाही. तिनं तुला महिनाभराची मुदत दिली आहे. आकड्यांत काही राहून गेलं असेल तर दुरुस्त करून पाठव. खरं राहिलेलं, हं. खोटं घुसवलेलं नव्हे.

स्टिकरवाल्याला इतक्यात हो म्हणू नकोस. चिकटवायला तुझी बोटं फार जाड आहेत.

तुझा,
सेरेमाया


लौतोका
१५ मार्च

सेरेमाया,

सदतीस.

म्हणजे अमेरिकेत बर्फ पडला आणि लौतोकात माझ्या टाकीचा देश गेला. कारखाना तुझ्या डोळ्यांदेखत उभा राहिला. पत्रे चढवायला तू स्वतः शिडीवर होतास आणि दोनदा पडलास. पाच माणसांपैकी चार तुझ्यासारखीच मूळची या बेटांची, जोनेसकट. जमीन तुमच्यातल्याच एका गावाची, तिचं भाडं मी कधी चुकवलं नाही. तरी टाकी परदेशी.

आमच्या घराण्याला मूळ विचारायची रीत जुनीच आहे. पणजोबा हिंदुस्थानातल्या बस्ती जिल्ह्यातून गिरमिटात, मजुरीच्या करारावर, आले, तेव्हा कागदावर जिल्हा, ठाणं, गाव, सगळं लिहून घेतलं होतं. त्यांनी पाच वर्षं ऊस कापला, आणि मग उरलेलं आयुष्य लोकांना सांगण्यात घालवलं की मी इथलाच आहे. आजोबांना विचारलं, बापाला विचारलं, मला विचारलं. मला वाटलं आता संपलं. आता टाकीला विचारताय.

आणि तुमच्या हिशेबाची अक्कल बघ. बाहेरून येणारा माल महाग, तर टाकी परदेशी. तोच माल स्वस्तातला घेतला तर? स्टिकरवाल्यानं भुकटीही आणली आहे. कुठल्या तरी कारखान्यात तळाशी उरलेली, कशात काय मिसळलंय देव जाणे, पण भाव निम्मा. ती वापरली तर माझे सहज त्रेचाळीस भरतात. म्हणजे भुकटी जितकी भिकार, टाकी तितकी देशभक्त. तिच्यातलं पाणी सांतोची पोरं पिणार, हे लिहायला तुमच्या फॉर्मात रकाना आहे का? नमुन्याची पिशवी माझ्या टेबलावर पडून आहे. गेले चार दिवस मी तिच्याकडे बघतोय आणि ती माझ्याकडे.

कोण शंभरात किती इथला, हे मोजायची तुमच्या लोकांना हौसच आहे पहिल्यापासून.

जयकरण


सुवा
२९ मार्च

जयकरण,

उत्तराला उशीर झाला. बस चुकली नव्हती, मीच पत्र लिहीत नव्हतो.

तू मला जाड्या म्हणू शकतोस. आळशी म्हणू शकतोस. माझ्या खापरपणजोबांनी एका पाद्र्याला उकडून खाल्लं आणि तो वातड निघाला, ही गोष्ट तू माझ्या लग्नात सगळ्यांसमोर सांगितलीस तेव्हा मी सगळ्यांत जास्त हसलो. पण "तुमच्या लोकांना" हा शब्द आपल्या खेळातला नाही. तुझ्या बापानं तो माझ्या बापाला कधी लावला नाही. तू चिडलास, हे त्या ओळीवरून सिद्ध होतं. जुडी पाठव. बारीक मुळांची नको, माझ्या कादावू बेटाची जाड मुळं पाहिजेत.

जुडी वसूल करायचं ठरवल्यावर राग गेला, म्हणून आता लिहितोय.

तुझ्या फाइलबद्दल मला बोलायची मुभा नाही, आणि बोलणारही नाही. जो फॉर्म तू दरवर्षी न वाचता भरतोस, तो सगळ्यांसाठीच छापलेला आहे. त्यात मजुरीचा रकाना आहे. तुझ्या घरी पोटभर जेवलेला माणूस म्हणून मी काही विचारतो. टाकी भट्टीतून निघाल्यावर ती चांगली की वाईट हे शेवटी कोण सांगतं? मी आलो होतो त्या दिवशी झाकणांच्या कडा सुरीनं तासत कोण बसलं होतं? माणसांचं दुपारचं जेवण कोण शिजवतं, आणि ते दालोचे कंद, ती मासळी कुठल्या खात्यातून येते? तुला आठवत नसेल तर सांगतो, मला स्पष्ट आठवतंय. कारण त्या दिवशी तू मला टाक्या दाखवत हिंडत होतास, आणि काम दुसरंच कुणीतरी करत होतं.

तिला तू पगार काय देतोस?

सेरेमाया


लौतोका
३ एप्रिल

प्रिय ताव्हाले,

जुडी सोबत आहे. कादावूचीच आहे. तुझ्या बेटावर उगवली, बोटीनं लौतोकाच्या बाजारात आली, आणि आता बसनं एका कादावूवाल्याकडे चालली आहे. तिचा मूळ-दाखला मागू नकोस.

त्या ओळीबद्दल अधिक काही लिहीत नाही. जुडी जाड आहे, हात लावून बघ.

पण तुझा शेवटचा प्रश्न वाचून मला वाटलं, सुव्याच्या पावसात तुझ्या डोक्यालाही गंज चढला. इंदरवतीला पगार? ती मालकीण आहे. मालकिणीला कोण पगार देतं? माझी आई उसाच्या शेतात बापाच्या बरोबरीनं राबली. बाप शनिवारी तिच्या हातावर मजुरी ठेवायला गेला असता तर तिनं त्याच हातानं त्याला एक ठेवून दिली असती. इंदरवती डबे घेऊन येते. आलीच आहे तर झाकणं तासते, कारण तिला रिकामं बसवत नाही. टाकीत डोकं घालते, ते का घालते मी कधी विचारलं नाही. बायकांच्या खोडी विचारून सुटत नाहीत. याला तू नोकरी म्हणतोस?

उद्या अख्खं लौतोका म्हणेल, जयकरणला दाखला मिळेना म्हणून त्यानं बायकोला कामावर ठेवलं. आणि तुझी ती लिटिया म्हणेल, हा कागदावरचा पगार आहे, असे शंभर पाहिलेत. तिचं म्हणणं बरोबरच ठरेल. मी ते करणार नाही. देश नाही तर नाही, पण नाक आहे अजून.

बाकी, ती नमुन्याची पिशवी टेबलावरून नाहीशी झाली आहे. मी कुणाला विचारलेलं नाही. स्टिकरवाला महिनाअखेरीस पुन्हा येतोय. त्याला काय सांगायचं ते ठरत नाही.

तुझा,
जयकरण


लौतोका
३ एप्रिल, दुपार

सेरेमाया भावजींना इंदरवतीचा नमस्कार.

ह्यांची पत्रं बसवर मी देते आणि पाकीटही मीच चिकटवते. त्यामुळे मी ती वाचते, हे तुम्हाला इतक्या वर्षांत कळलंच असेल. आज माझाही कागद त्यात घालते आहे. ह्यांना सांगू नका असं म्हणत नाही. सांगितलं तरी चालेल.

हे म्हणतात, टाकी ह्यांचा डोळा ओळखतो. डोळा बाहेरून बघतो, भावजी. टाकी आतून करपते. भट्टीत जरा जास्त राहिली की बाहेर निळीशार दिसते आणि आत वास धरते. भात बुडाला लागला की ताटात वाढायच्या आधी घरभर कळतं ना, तसाच वास. त्यातलं पाणी पोरं पिणार नाहीत, आणि प्यायली तरी तोंड वाकडं करून. म्हणून मी डोकं घालते. गारव्यासाठी नाही. आत कसला आलाय गारवा.

ह्यांची टाकी आजवर परत आली नाही, हे खरं आहे. जी परत यायची ती गेलीच नाही. मी जोनेला नुसती मान हलवून सांगते, तो संध्याकाळी करवत लावतो आणि तुकडे पोरांना कोंबड्यांच्या खुराड्यासाठी देतो. हे त्या वेळी हिशेब करत बसलेले असतात आणि म्हणतात, आज एक कमी कशी भरली? जोने सांगतो, साचा अडकला होता, मालक. साचा बराच वेळा अडकतो.

ती पिशवी मीच नेली. मूठभर भुकटी जुन्या तव्यावर टाकून पाहिली. शेजारची बाई विचारायला आली, टायर जाळताय का? पिशवी स्टिकरवाला उतरतो त्या हॉटेलात त्याच्या नावानं ठेवून दिली, तव्यासकट. तो तवा आता मला नको.

आता पगाराचं. ह्यांना लाज वाटते, मला वाटत नाही. मालकीण म्हणायला गोड आहे, पण मालकिणीला रजा नाही, पगार नाही, आणि आजारी पडली तर भात कोण टाकणार हा पहिला प्रश्न. जोनेला किती मिळतात ते मी त्याला विचारलं. त्याला मिळतात त्यापेक्षा आठवड्याला एक डॉलर मला जास्त पाहिजे. टाकी जाणार की कापणार हे तो मला विचारतो, मी त्याला विचारत नाही. जोनेला हे पटलं आहे. जेवणाचा खर्चही कारखान्याच्या खात्यात धरायचा, कारण ते जेवण कारखान्यातली माणसं जेवतात.

एक मात्र. हे सगळं खरं होणार असेल तरच लिहायचं. शुक्रवारी सगळ्यांच्या रांगेत उभी राहून मी पाकीट घेईन. कागदावर दाखवायला पगार आणि हातात काही नाही, असं असेल तर त्यापेक्षा टाकी परदेशी झालेली बरी.

ह्यांना मी आज रात्री जेवताना सांगणार आहे. आधी जेवू देईन.

तुमची,
इंदरवती


लौतोका
७ मे

प्रिय ताव्हाले,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू जुडी मागशील. मी चिडलो नव्हतो, शिकत होतो.

पहिल्या शुक्रवारी इंदरवती रांगेत उभी राहिली. जोनेच्या मागं, पदर खोचून. मी पाकीट पुढं केलं. तिनं ते उघडून बघितलं, सही केली आणि म्हणाली, "थँक्यू, मालक." सव्वीस वर्षांत तिनं मला या नावानं कधी हाक मारली नव्हती. त्या 'मालक'ची चव अजून जिभेवर आहे. माणसं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. जोने तर टोपी काढून उभा होता.

नवे आकडे लिटियाकडे गेले ते तुला कळलंच असेल. परवा ती न सांगता आली. एवढीशी बाई, पण चपला अशा वाजतात की भट्टीसुद्धा सरळ उभी राहते. नमस्कार नाही, चहा नाही. पहिलं वाक्य, "बायकोचं नाव पगारात घालणं हा जुना खेळ आहे, मिस्टर जयकरण. मी काम बघायला आले आहे." मी म्हटलं, बघा.

अंगणात साठ टाक्या रांगेत उभ्या. बोट गुरुवारी. मी ताठ. इंदरवती डबे घेऊन आली, डबे ठेवले, लिटियाकडे बघितलंही नाही, आणि तिच्या त्या खोडीला लागली. एकेका टाकीत डोकं घालायचं, काढायचं, खडूनं रेघ मारायची, पुढं. लिटिया मागोमाग वही घेऊन. अशा बऱ्याच झाल्या. मग एका टाकीत डोकं गेलं ते बाहेरच येईना.

शेवटी निघालं. म्हणाली, "ही नाही."

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अगं, आज नको."

"का?"

"बोट गुरुवारी आहे. साठ मागितल्यात. बाई उभ्या आहेत."

"बाई पिणार आहेत का हिच्यातलं?"

"मला तर काही दिसत नाही हिच्यात."

"तुम्हाला कधी दिसलंय?"

लिटिया माझ्याकडे बघत होती, जोने जमिनीकडे. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "मालक मी आहे."

"असाल," ती म्हणाली. "मग तुम्हीच ठेवा ही, घराच्या छपराखाली. वर्षभर हिच्यातलंच प्या. मी शेजाऱ्यांकडून आणीन."

तोवर जोनेनं करवत सुरू केली होती. माझ्याकडे बघितलंदेखील नाही त्यानं. साठातली एक टाकी, तुझ्या तपासणीवालीच्या समोर, दोन तुकडे.

लिटियानं वही मिटली. म्हणाली, "मला आणखी काही बघायचं नाही." मग माणसांच्या पंगतीला बसून जेवली, मासळी पुन्हा मागून घेतली, आणि गेली. हो नाही, ना नाही.

तेव्हा समज, संपलं. नवरा-बायको परक्या बाईसमोर भांडलो, माल कमी भरला, आणि मी कारखान्यातला कोण, तेही धड दिसलं नाही. स्टिकरवाला महिनाअखेरीस आला नाही, आता सोमवारी येतोय. तव्याबद्दल त्यानं अजून काही विचारलेलं नाही.

पण एक सांगतो, तुलाच. सगळे गेल्यावर मी त्या कापलेल्या अर्ध्या टाकीत डोकं घातलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. करपलेला भात, सेरेमाया. अगदी तोच. आणि मला अभिमान वाटला. स्वतःचा नव्हे, तोच तर घोळ आहे. माझ्या नावानं बाहेर गेलेल्या सगळ्या टाक्या डोळ्यांसमोर आल्या, आणि त्या प्रत्येकीत आधी कुणाचं डोकं जाऊन आलंय ते कळलं.

स्टिकरवाल्याला मी नाहीच म्हणणार आहे. दाखला मिळो न मिळो. पुढं काय खायचं ते ठरलेलं नाही. पण माझं नाव आता ज्या टाकीवर लागेल, तिचा वास इंदरवतीनं घेतलेला असेल.

तुझा,
जयकरण


सुवा
१० मे

प्रिय ताव्हाले,

सोबतचा कागद नीट धर, तेलकट बोटं लावू नकोस. मूळ-दाखला आहे. शंभरात एक्केचाळीस. तुझी टाकी फिजीची आहे, सहीशिक्क्यानिशी. सही माझी नाही, लिटियाची आहे. लागलीच तर तिची शपथ घे, माझी नको.

फाइल बंद झाली, म्हणून आता बोलता येतं. तिचा अहवाल सगळ्या कचेरीनं वाचला. ती लिहिते, कागदावरचा पगार खाणारं माणूस मालकाचा माल बोटीच्या तोंडावर, मालकाच्या नाकावर टिच्चून नापास करत नाही. सबब सदर बाईंची नेमणूक आणि काम खरं असल्याची खात्री पटली. मग पुढची ओळ. ती मी जशीच्या तशी उतरवतो, कारण तिला विनोद कळत नाही असं मी तुला लिहिलं होतं आणि ते आता मागं घेतो.

"मालक म्हणून ज्या गृहस्थांनी ओळख करून दिली, त्यांचं काम नेमकं काय, हे तपासणीत आढळून आलं नाही."

वरच्या बाईंनी हसता हसता चष्मा पुसला, दोनदा.

मूळ विचारायच्या रीतीवर तू मला ऐकवलं होतंस, त्याचं उत्तर राहिलं होतं. आमच्या कादावूचे म्हातारे सांगतात की आमचीही माणसं कुठून तरी होडीतूनच आली. तेव्हा कचेरी नव्हती, एवढाच फरक. कच्चा माल सगळ्यांचाच बाहेरचा आहे, लेका. भट्टी इथली.

वहिनींना सांग, पुढच्या रोट्या त्यांच्या कामाच्या वेळेत करू नयेत. लिटिया हिशेबात धरेल.

तुझा,
सेरेमाया


लौतोका
२० मे

प्रिय ताव्हाले,

अहवालातली ती ओळ वाचून मी चिडलो. जुडी सोबत पाठवतोय. कायदा म्हणजे कायदा.

दाखला आल्यावर साठावी टाकी आम्ही पुन्हा बनवली. भट्टीवर मी होतो. डोळा वगैरे काही नाही, घड्याळ लावलं, आणि तरी दोनदा जोनेला विचारलं. बोट एक दिवस थांबायला तयार झाली, कारण तिच्या कप्तानाच्या घरी माझीच टाकी आहे. सकाळी ट्रक दारात उभा, गोदीची माणसं उभी, नकार ऐकूनही स्टिकरवाला त्याच्या भाड्याच्या गाडीत बसलेला. टाकी गार झाली तशी इंदरवतीनं पदर बांधला आणि आत डोकं घातलं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मी दाखला हातात धरून उभा होतो आणि मला त्याची आठवणही नव्हती. खरा दाखला अजून यायचा होता.

मग आतून आवाज आला. टाकी मोठी, रिकामी, एकसंध. आवाज तिच्यात फिरला आणि असा घुमत बाहेर पडला की रस्त्यापलीकडे उसाची गाडी हाकणाऱ्यानंही मागं वळून बघितलं.

"पाठवा."

तुझा,
जयकरण
इंदरवतीच्या कारखान्यातला